गाणं येतं, पण पाणी मागता येत नाही

पत्र :
बाबा ६७ वर्षांचे आहेत. साडेचार महिन्यांपूर्वी त्यांना मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. सांगितलेलं सगळं समजतं, पण बोलायला गेले की ‘ते... ते...’ एवढंच येतं. मात्र जुनं गाणं लागलं की अख्खा मुखडा शब्दांसकट म्हणतात! उजवा पाय ओढत, काठी घेऊन चालतात. संगीतोपचाराबद्दल वाचल्यापासून मी सकाळपासून रात्रीपर्यंत मोबाइलवर शांत वाद्यसंगीत लावून ठेवते. हल्ली त्याने ते वैतागतात. परवा एका गाण्याला ढसाढसा रडले, तेव्हा मीच घाबरले. कुणी म्हणतं अमुक आजाराला अमुक राग, कुणी म्हणतं ४३२ हर्ट्झचं लाव. नेमकं कोणतं संगीत लावू, किती वेळ? गाऊन गाऊन बोलणं परत येईल का?
– एक लेक

उत्तर :
‘कोणतं संगीत’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू, कारण संगीतोपचारात तो पहिला येतच नाही. आधी काम ठरतं, मग त्या कामाला लागेल तेवढंच संगीत निवडलं जातं. तुमच्या पत्रात कामं चार आहेत: बोलणं, चालणं, वैताग आणि रडू. चौघांचे मार्ग वेगळे, आणि यातल्या एकासाठीही दिवसभर चालू राहणारं संगीत लागत नाही. ते आजच बंद करा. वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं-समजणं अडलेल्या माणसाला मागे आवाज चालू असताना समोरच्याचं बोलणं पकडायला जास्त कष्ट पडतात, स्ट्रोकनंतर लक्षही लवकर थकतं. त्यांच्या वैतागाचं निम्मं कारण कदाचित एवढंच असेल.

आता बोलण्याकडे. गाणं येतं आणि पाणी मागता येत नाही, हे पाहून घरच्यांना वाटतं की बोलणं आत कुठेतरी शाबूत आहे, नुसतं दार उघडायचं आहे. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्याची यंत्रणा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते. गाताना दोन्ही बाजू कामाला लागतात, आणि सुरांच्या चढउतारात उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. शिवाय शेकडो वेळा म्हटलेलं गाणं हे अंक मोजणं किंवा वारांची नावं घेणं यासारखं असतं: एकदा सुरू झालं की आपोआप पुढे सरकतं, शब्द शोधावा लागत नाही. पाणी मागताना मात्र शब्द शोधावा लागतो. म्हणून ओळखीची गाणी कितीही गायली तरी त्यातले शब्द व्यवहारात आपोआप उतरत नाहीत. गाऊ द्या, त्यांना त्यात आनंद आहे आणि आवाज, श्वास यांचा व्यायामही होतो. पण तो बोलण्याचा उपचार समजू नका.

बोलण्यासाठीची पद्धत निराळी आहे. तिला मेलॉडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. बॉस्टनमधल्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी ती १९७३ मध्ये मांडली. तिच्यात गाणं नसतंच. रोजच्या गरजेचे छोटे शब्द नि वाक्यं फक्त दोन स्वरांवर, संथ लयीत म्हणायची, आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने एक टिचकी द्यायची. ज्यांना समजतं पण अडखळत, तुटक बोलता येतं किंवा बोलताच येत नाही, ज्यांचा आघात डाव्या बाजूला आहे, अशांना ती लागू पडण्याची शक्यता जास्त. जे भराभर बोलतात पण अर्थ लागत नाही, किंवा ज्यांचं समजणंच गेलं आहे, त्यांना तिचा फारसा उपयोग होत नाही. तुमच्या वर्णनावरून बाबा पहिल्या गटात बसतात, पण हा निर्णय स्पीच थेरपिस्टने तपासून घ्यायचा आहे. एकदा तपासणी झाली की घरचा सराव तुम्हीच घ्यायचा.

आधी चार शब्द निवडा. तुम्हाला ऐकावेसे वाटणारे नव्हे, त्यांना दिवसात दहादा लागणारे: ‘पाणी’, ‘नको’, ‘बस कर’, ‘मला दे’. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात आणि ते समोरून दिसतं, म्हणून सुरुवातीला ही अक्षरं सोयीची. एकसारखे वाजणारे दोन शब्द एकाच आठवड्यात घेऊ नका. ते एकमेकांत अडकतात.

स्वर दोन. खालचा षड्ज त्यांच्या बोलण्याच्या पट्टीत, वरचा साधारण कोमल गंधार. तुम्हाला स्वरज्ञान नसलं तरी अडत नाही, खालचा आणि वरचा हा फरक कानाला स्पष्ट कळला की झालं. बोलताना ज्या अक्षरावर आवाज चढतो ते वर, बाकीची खाली. ‘पाणी’मध्ये ‘पा’ वर, ‘णी’ खाली. नव्या वाक्यासाठी ते आधी दोनतीनदा साधं बोलून बघा, चढ कुठे येतो ते कळेल. वेग सेकंदाला एक अक्षर. हा वेग तुम्हाला कंटाळवाणा वाटेल आणि नकळत तुम्ही घाई कराल, म्हणून सुरुवातीला भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे नजर ठेवा.

समोरासमोर बसा, तोंडावर उजेड हवा, टीव्ही बंद. त्यांचा डावा हात टेबलावर ठेवून तुम्ही तो हलकेच धरा. पहिल्यांदा तुम्ही शब्दाची चाल नुसती गुणगुणायची आणि त्यांच्या हाताने अक्षरागणिक टेबलावर टिचकी द्यायची, दोनदा. ते फक्त ऐकतील. मग दोघांनी मिळून शब्द सुरात म्हणायचा. जमलं की पुन्हा एकत्र सुरू करा, पण अर्ध्यावर तुमचा आवाज काढून घ्या. हात चालू ठेवा, ओठही बंद. ते एकट्याने शेवटापर्यंत गेले तर पुढची पायरी: तुम्ही म्हणून थांबायचं, मग त्यांनी एकट्याने म्हणायचं. सगळ्यात शेवटी तुम्ही साध्या आवाजात विचारायचं, ‘काय हवं?’ आणि त्यांनी सुरात उत्तर द्यायचं.

एखाद्या पायरीवर अडले तर एकच पायरी मागे या. तिथेही अडले तर तो शब्द आजच्यापुरता सोडा. चारही शब्द दहापैकी नऊ वेळा जमायला लागले, आणि हे सलग काही दिवस टिकलं, तरच लांबी वाढवा: ‘पाणी हवं’, ‘मला नको’, ‘इकडे ये’. पुढच्या टप्प्यात तुमच्या म्हणण्यानंतर पाचसहा सेकंद थांबून मग त्यांनी म्हणायचं. हा थांबा फार महत्त्वाचा आहे, कारण नुसता पडसाद देणं आणि शब्द स्वतः काढणं यांतला फरक इथेच पडतो. त्यानंतर सूर हळूहळू काढून टाकायचा: आधी लय आणि चढउतार ठेवून अर्धवट बोलल्यासारखं, शेवटी साधं बोलणं. पुष्कळ घरी ही शेवटची पायरी राहूनच जाते. मग माणूस सुरातच बोलत राहतो, परक्यांसमोर लाजतो आणि गप्प बसतो.

डावा हातच का? उजवा कमजोर आहे हे एक. दुसरं, डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात असतो आणि आपल्याला तीच बाजू कामाला लावायची आहे. या पद्धतीत खरं काम सूर करतो की लय, यावर अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते लय आणि ठरावीक वाक्यांचा सरावच जास्त उपयोगी पडतो. म्हणून तुमचा सूर जरा बेसूर झाला तरी चालेल, टिचकी चुकता कामा नये.

बिघडतं कुठे, तेही सांगून ठेवतो. शब्दाला ओळखीच्या गाण्याची चाल लावली की तोंडात त्या गाण्याचे शब्द येतात, नवा शब्द येत नाही. म्हणून चाल सपाट आणि अनोळखीच हवी. एक शब्द जिभेवर अडकून पुढच्या प्रत्येक शब्दाला तोच यायला लागला तर ‘अहो, तो नाही’ म्हणत राहू नका. दहापंधरा सेकंद पूर्ण शांत राहा, मग वेगळाच शब्द घ्या. चुकलं म्हणून ‘पुन्हा म्हणा’चा धोशा लावणं सगळ्यात वाईट. आणि पाहुण्यांसमोर ‘दाखवा ना बाबा म्हणून’ हे तर अजिबात नको. सराव १०–१५ मिनिटांचा, दिवसातून दोनदा, ते ताजेतवाने असताना. संशोधनात हा उपचार याहून पुष्कळ सघन दिला गेला आहे, दिवसाला दीड तास, आठवड्यात पाच दिवस; पण ते प्रशिक्षित माणसाच्या हातचं. घरी तसा हट्ट धरला तर दोघंही चौथ्या दिवशी सोडून द्याल.

अपेक्षा किती ठेवायची? सराव केलेली वाक्यं सुधारतात, याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. न शिकवलेली वाक्यं, मोकळ्या गप्पा यांवर किती परिणाम होतो, याचा पुरावा त्यामानाने कमजोर. म्हणूनच शब्द निवडताना काटेकोर असा. साडेचार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण वाचाघातात पुढेही होत राहते.

चालण्यासाठी मेलडी नको, ठोका हवा. मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यावर काम केलं, आणि स्ट्रोक व पार्किन्सन्स या दोन्हींत ठोक्यावर चालण्याचा फायदा दिसला. कान आणि हालचालींची केंद्रं यांचा मेंदूत जवळचा संबंध आहे. ठोका ठरावीक अंतराने येत असला की पुढचा कधी पडणार हे शरीराला आधीच कळतं आणि पाऊल त्याच्या तयारीत उचललं जातं. तुम्ही मागून ‘उचला, उचला’ म्हणता तेव्हा पाऊल आवाजाच्या मागे धावतं.

फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि पहिल्या वेळी त्यांच्या देखतच, असं करा. बाबांना नेहमीसारखं चालू द्या आणि ३० सेकंदांत दोन्ही पायांची मिळून किती पावलं पडतात ते मोजा. ३१ पडली तर मिनिटाला ६२. मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक ठोका देणारं, कुठलंही ॲप घ्या, ६२ वर लावा. आधी खुर्चीत बसून डाव्या-उजव्या पायाने ठोका धरायला सांगा, मग उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर, मग चालणं. पहिले काही दिवस वेग ६२ च राहील. त्या दिवसांत फक्त एक गोष्ट बघायची: डाव्या आणि उजव्या पावलाला सारखा वेळ मिळतो का. तो मिळू लागला की पाच टक्के वाढवा, म्हणजे ६५. तिथे स्थिर झाल्यावर पुन्हा पाच टक्के. एकदम दहा टक्क्यांपेक्षा जास्त उडी घेतली तर पावलं आखूड होतात, पाय घासतो आणि तोल जातो. वेग वाढल्यासारखा वाटतो, अंतर मात्र तेवढंच कापलं जातं. प्रत्येक वेळी शेवटची दोन मिनिटं ठोका बंद करून तीच लय मनात धरून चालू द्या. नाहीतर चालणं ॲपला बांधलं जातं.

मेट्रोनोमचा कंटाळा आला की गाणं चालेल, पण त्याची लय मोजून घ्या. मिनिटाला १२४ मात्रांचं गाणं असेल तर एकाआड एका मात्रेवर पाऊल टाकलं की ६२ होतात. केरव्यासारखा दोन-चारच्या हिशेबातला ताल घ्या. तीनच्या हिशेबातल्या दादऱ्यात मात्रेगणिक पाऊल टाकलं तर जोर कधी या पायावर, कधी त्या पायावर पडतो. रूपकाच्या सात मात्रांत तर हिशेबच लागत नाही. लय वाढत जाणारं किंवा मध्ये आलाप घेऊन थांबणारं गाणं चालताना नकोच. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालू देऊ नका, छोटा स्पीकर पुरे. तुम्ही त्यांच्या उजव्या, म्हणजे कमजोर बाजूला असा. चक्कर, छातीत दुखणं, धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

आता ऐकण्याबद्दल. ऐकण्याचा फायदा नाही असं नाही. २००८ मध्ये फिनलंडच्या सार्कामो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्ट्रोकच्या रुग्णांनी दोन महिने रोज किमान तासभर स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकलं. ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्या आणि काहीच न ऐकणाऱ्या गटांपेक्षा त्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष जास्त सुधारलं. यातले दोन शब्द महत्त्वाचे: ‘स्वतःच्या’ आणि ‘ऐकलं’. निवड त्यांची, आणि दुसरं काही न करता बसून ऐकणं. अर्ध्या तासाच्या दोन बैठका करा. आवाज एवढाच, की त्यावर साध्या स्वरात बोललेलं ऐकू यावं.

बोलता येत नसताना निवड कशी करायची? एका वेळी तीनच पर्याय द्या, प्रत्येकी अर्धा मिनिट वाजवा, समोर त्या गायकाचे किंवा वाद्याचे फोटो ठेवा आणि बोट ठेवायला सांगा. चौथं कार्ड ‘यांतलं नको’चं, नाहीतर ते कंटाळून कशावरही बोट ठेवतील. वयाच्या साधारण दहा ते तीस वर्षांत ऐकलेलं संगीत माणसाला जास्त घट्ट आठवतं, शोध तिथून सुरू करा. तुम्ही लावत होता ते शांत वाद्यसंगीत त्यांना मुळात आवडत होतं का, हेही या निमित्ताने कळेल.

राग आणि हर्ट्झ थोडक्यात आटोपतो. अमुक आजारावर अमुक राग, या याद्यांना आधार मिळालेला नाही. एखादा राग बाबांना लहानपणापासून प्रिय असेल तर तो जरूर लावा, पण त्यांच्या आवडीसाठी. ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, हा १९३९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत वाद्यं जुळवण्यासाठी ठरवलेला संकेत आहे. ४३२ त्यापेक्षा अर्ध्या स्वराच्या जेमतेम एक तृतीयांशाने खाली. आपल्याकडे गायक षड्जच आपापल्या गळ्याप्रमाणे धरतात, तेव्हा या वादात आपण कशाला पडा!

संध्याकाळचा वैताग असेल तर मात्र एक तंत्र खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशूलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेलं हे तत्त्व ‘आयसो’ म्हणून ओळखलं जातं. संगीत आधी माणसाच्या मनःस्थितीशी जुळवायचं, आणि मग हळूहळू तिला हवं तिकडे न्यायचं. बाबा चिडलेले असताना लगेच संथ बासरी लावली तर ती त्यांना चिडवल्यासारखी वाटते. त्याऐवजी पहिला तुकडा जरा ठसक्याचा, मिनिटाला १००–११० मात्रांचा. मग ९०, मग ८०, शेवटी ६०–७०. चारपाच तुकडे, एकूण १५–२० मिनिटं, सगळे त्यांच्याच आवडीतले. ही यादी शांत वेळी करून ठेवा. पुढच्या तुकड्यावर जाताना त्यांचा श्वास आणि खांदे बघा. सैलावले नसतील तर त्याच लयीचा आणखी एक तुकडा घ्या.

रडण्याचे अर्थ तीन असू शकतात. आठवणीने आलेलं रडू हे बिघाड नव्हे. गाणं झटकन बंद करू नका, जवळ बसा, आवाज कमी करा, ‘बंद करू?’ विचारून हो-नाही मानेने घ्या. दुसरं, स्ट्रोकनंतर काहींना क्षुल्लक निमित्ताने रडू किंवा हसू फुटतं आणि तितक्याच पटकन थांबतं, आतल्या भावनेशी त्याचं प्रमाण जुळत नाही. यावर औषध आहे, न्यूरॉलॉजिस्टला सांगा. तिसरं नैराश्य. स्ट्रोकनंतर ते साधारण तिघांपैकी एकाला गाठतं. दोन आठवडे सलग उदास, झोप-भूक बदललेली, सरावाला नकार, असं दिसलं तर संगीतावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. ठरावीक संगीत लागलं की टक लावून बघणं, हात-तोंड झटकणं असं काही दिसलं तर ते संगीत थांबवा आणि कळवा. संगीताने फिट येणं दुर्मीळ आहे, पण असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सुचवतो. डाव्या हाताशी एक छोटा ढोल किंवा डफ ठेवा. त्यांनी काही वाजवलं की तुम्ही तेच परत वाजवायचं, मग थोडा बदल करून, मग थांबून त्यांची वाट बघायची. पॉल नॉरडॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स या जोडीने १९५९ पासून विशेष मुलांबरोबर जे काम उभं केलं, त्याचा गाभा असाच होता: समोरचा जे वाजवील त्याला संगीतातूनच उत्तर देणं. पाच मिनिटं पुरतात. दिवसभर ज्याला कुणीही ‘तू बोल, मी थांबतो’ असं म्हणत नाही, त्याला इथे आपली पाळी मिळते. इथे शिकवू मात्र नका, ताल चुकला म्हणून तर नाहीच.

तज्ज्ञाकडे जायचं ठरलं तर पहिल्या भेटीत विचारा: संगीतोपचाराचं प्रशिक्षण कुठे आणि किती काळाचं, स्ट्रोकचे रुग्ण हाताळलेत का, सुरुवातीला काय मोजणार, आणि स्पीच व फिजिओशी बोलणार का? चांगला माणूस पहिल्या बैठकीत वाजवण्यापेक्षा विचारतो आणि नोंदी करतो, आणि ध्येय नेमकं सांगतो: ‘सहा आठवड्यांत पाच गरजेची वाक्यं, आठवण न करून देता.’ सगळ्यांना एकच ध्वनिमुद्रिका देणारा, बरं होण्याची हमी देणारा किंवा गोळ्या नि स्पीच थेरपी बंद करा म्हणणारा भेटला तर उठून या.

तोवर एक वही करा. तारीख, शब्द, कितव्या पायरीपर्यंत गेले, मिनिटाला पावलं किती, इतकंच. स्पीच थेरपिस्टकडे ती घेऊन गेलात तर पहिल्या दोन भेटी वाचतील.